एजंट टीम्स चालू करावं का, आणि परवानग्यांचं काय करावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. चार जणांची टीम, लॅराव्हेलमधला (पीएचपी भाषेच्या वेब फ्रेमवर्कमधला) क्लायंटचा बिलिंग प्रोजेक्ट आणि टर्मिनलमध्ये रोजच्या कामाला क्लॉड कोड, म्हणजे अँथ्रॉपिकचा कोड लिहिणारा एआय सहायक. त्यातलं ‘एजंट टीम्स’ हे फीचर, ज्यात अनेक एआय सेशन्स एकत्र काम करतात, अजून प्रायोगिक आहे आणि मुळात बंद असतं. तुमच्या सहकाऱ्याने ते चालू केलं. मग प्रत्येक एजंट सारखी परवानगी मागतोय म्हणून त्याने ‘डेंजरसली स्किप परमिशन्स’ हा फ्लॅगही, म्हणजे न विचारता सगळं करू देणारा पर्यायही, लावला. त्याचं काम झपाट्याने उरकतंय. तुमचा रिलीज तोंडावर आलाय आणि तुम्ही विचारताय की आपणही हेच करावं, की ‘प्रायोगिक’ लिहिलंय म्हणून लांबच राहावं.

थेट उत्तर आधी देतो. फीचर चालू करा, पण फक्त तुमच्या मशीनवर, रेपोच्या, म्हणजे गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातल्या कोडच्या, वेगळ्या प्रतीत. पहिलं काम असं द्या की ज्यात कोडची एकही ओळ बदलायची नाही. परवानगी उडवणारा फ्लॅग लावू नका. आणि या रिलीजमध्ये जाणारा कोड तुम्ही आजवर ज्या पद्धतीने लिहीत आलात त्याच पद्धतीने पूर्ण करा. हे असं का, ते खाली सांगतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एखादी गोष्ट वेगळी असली, तर त्यावरून तुम्हाला तुमचा निर्णय घेता येईल.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे स्विच एकत्र आलेत. एक स्विच ‘हे साधन अजून पक्कं झालेलं नाही’ असं सांगतो. दुसरा ‘हे साधन मला न विचारता काहीही करू शकतं’ असं सांगतो. लोक हे दोन्ही एकाच धाडसाचे भाग समजतात: प्रायोगिक वापरायला तयार आहोत ना, मग परवानग्याही सैल सोडूया. माझ्या कामात मी नेमकं उलट करतो. एक बाजू सैल केली की दुसरी घट्ट करतो. ज्या साधनाची वागणूक मला पाठ आहे, त्याला थोडी जास्त मोकळीक देता येते. ज्याची वागणूक अजून त्याच्या निर्मात्यांनाही पूर्ण ठरवता आलेली नाही, त्याला ती देता येत नाही.

‘प्रायोगिक’ या शिक्क्याचा अर्थ नीट पाहा. तो निर्मात्यांच्या बांधिलकीबद्दल बोलतो: या फीचरचं नाव, सेटिंग, वागणूक उद्या बदलू शकते, कदाचित ते काढूनही टाकलं जाईल. क्लॉड कोड स्वतःच 2025 च्या फेब्रुवारीत ‘रिसर्च प्रिव्ह्यू’ म्हणून आलं आणि मे महिन्यात सर्वांसाठी अधिकृतपणे खुलं झालं. ओपनएआयच्या कोडेक्स या तशाच साधनात फीचर्सची यादी मागवली, की प्रत्येक नावापुढे ते कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहून येतं. गूगलच्या जेमिनी सीएलआयमध्ये नाइटली (रोजची कच्ची आवृत्ती), प्रिव्ह्यू आणि स्टेबल (पक्की) असे तीन प्रवाह आहेत आणि साधारणपणे या आठवड्याचा प्रिव्ह्यू दुरुस्त्यांसह पुढच्या आठवड्यात स्टेबल होतो. म्हणजे पक्कं आणि कच्चं यांतलं अंतर कधी कधी आठवडाभराचंच असतं.

पण हा शिक्का तुमच्या डेटाला किती धोका आहे हे अजिबात सांगत नाही. तुमच्या सहकाऱ्याने लावलेला परवानगीचा फ्लॅग ‘प्रायोगिक’ म्हणून कुठेच नोंदलेला नाही. तो साधनाचा पक्का, ठरलेला भाग आहे. फक्त त्याच्या नावातच धोका लिहिलाय. कोडेक्समधला सगळं मोकळं करणारा ‘डेंजर फुल ॲक्सेस’ हा मोडही तसाच. उलट स्क्रीनवर मजकूर वेगळ्या रीतीने दाखवणारं एखादं फीचर प्रायोगिक असू शकतं, आणि ते बिघडलं तर फार तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावं लागेल. म्हणून कोणताही नवा स्विच दिसला की मी शिक्क्याकडे नंतर पाहतो. आधी पाहतो की यामुळे साधनाला नवीन काय वाचता येणार, नवीन काय करता येणार आणि बिघडलं तर मागे यायची वाट कोणती.

आता एजंट टीम्सलाच हे लावून पाहू. एक मुख्य सेशन असतं, त्याला लीड म्हणू. तो इतर सेशन्स उभी करतो, ते टीममेट. प्रत्येकाचा संदर्भ, म्हणजे त्याच्यासमोर असलेला मजकूर, स्वतंत्र असतो. कामांची यादी सगळ्यांची एक असते आणि ते एकमेकांना थेट निरोप पाठवू शकतात. सबएजंट, म्हणजे एका सेशनने कामाला लावलेला साधा मदतनीस, नेमून दिलेलं काम करतो आणि अहवाल मुख्य सेशनला देतो, तिथेच त्याचं संपतं. इथे मात्र आपापसात बोलणं चालतं. त्यामुळे तीन वेगळ्या बाजूंनी एखादा बग शोधायचा असेल, किंवा एका मोठ्या पुल रिक्वेस्टकडे (मुख्य कोडमध्ये घ्यायला मांडलेल्या बदलांकडे) सुरक्षितता, डेटाबेसच्या क्वेरी आणि टेस्ट अशा तीन नजरांनी पाहायचं असेल, तर हे फीचर खरोखर उपयोगी पडतं. एका सेशनला पहिला अंदाज सापडला की ते त्यालाच चिकटून राहतं. तीन सेशन्स एकमेकांचे अंदाज खोडायला बसवली की निष्कर्ष जास्त भरवशाचा निघतो, असा माझा अनुभव आहे.

अडचणी कुठे येतात? पहिली आणि सगळ्यांत जास्त भोवणारी: टीममेटला प्रोजेक्टची ‘क्लॉड डॉट एमडी’ ही सूचनांची फाइल मिळते, पण लीडशी तुमचं झालेलं बोलणं मिळत नाही. बिलिंगमध्ये याचा फटका कसा बसतो ते पाहा. समजा तुम्ही सकाळी लीडला सांगितलंत की जीएसटीचं राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं. 100.50 रुपयांच्या तीन ओळी आहेत. सीजीएसटी 9 टक्के म्हटलं तर ओळीला 9.045, म्हणजे 9.05, तीन ओळींचे 27.15. दुसऱ्या टीममेटला हा नियम माहीतच नाही, त्याने एकूण 301.50 वर हिशेब करून टेस्ट लिहिली: 27.135, म्हणजे 27.14. एक पैशाचा फरक, एसजीएसटी धरून दोन पैसे. आता टेस्ट नापास होते आणि ती ‘दुरुस्त’ करायला तिसरा टीममेट पुढे येतो. तो कोड बदलेल की टेस्ट, हे त्याच्या समोर त्या क्षणी काय लिहिलेलं आहे त्यावर ठरतं. क्लायंटच्या अकाउंटंटला मात्र तो फरक रिटर्न भरताना दिसतो. त्यामुळे असे धंद्याचे नियम तोंडी सांगून चालत नाहीत. ते त्या फाइलमध्ये, उदाहरणाच्या आकड्यांसकट लिहिलेले असले पाहिजेत.

दुसरी अडचण फाइल्सची. दोन टीममेटनी एकच फाइल बदलली तर एकाचं काम दुसरा पुसून टाकतो. त्यामुळे कामाची वाटणी फाइलनुसार करावी लागते, आणि लॅराव्हेलमध्ये काही फाइल्स सगळ्यांनाच हव्या असतात: राउट्सची फाइल, सर्व्हिस प्रोव्हायडर, कंपोझरची (पीएचपीची पॅकेजं आणणाऱ्या साधनाची) लॉक फाइल. या मी एकाच टीममेटकडे देतो आणि बाकीच्यांना त्याच्याकडे निरोप पाठवायला सांगतो. मायग्रेशनचं, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइल्सचंही तसंच. त्यांचा क्रम फाइलच्या नावातल्या वेळेवरून ठरतो. दोघांनी एकाच वेळी मायग्रेशन बनवल्या आणि फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलाशी जोडणारी) फाइल मूळ टेबलाच्या आधी लागली, की मायएसक्यूएल हा डेटाबेस तिथेच अडतो. वर टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञा मायएसक्यूएलमध्ये ट्रान्झॅक्शनने मागे घेता येत नाहीत, त्यामुळे अर्धवट झालेली मायग्रेशन हातानेच निस्तरावी लागते. मायग्रेशन लिहिणारा एकच हवा, यावर मी तडजोड करत नाही.

बाकीच्या मर्यादा लहान आहेत, पण माहीत असलेल्या बऱ्या. सेशन बंद करून ‘रिझ्यूम’ केलं तर त्याच टर्मिनलमधले टीममेट परत येत नाहीत, आणि लीड कधी कधी नसलेल्या टीममेटला निरोप पाठवत बसतो. काम संपूनही यादीत तशी नोंद होत नाही आणि त्यावर अवलंबून असलेलं पुढचं काम अडून राहतं. टीममेट वेगवेगळ्या चौकोनांत दिसायला हवे असतील तर टीमक्स किंवा आयटर्म 2 हे टर्मिनलचे प्रोग्रॅम लागतात. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये ते होत नाही.

आणि आता तुमच्या सहकाऱ्याच्या मांडणीतला कळीचा मुद्दा. टीममेट सुरू होतात ते लीडच्या परवानग्या घेऊन. लीडला तो फ्लॅग लावला असेल तर प्रत्येक टीममेटलाही तो लागलेला असतो, आणि उभं करतानाच एखाद्या टीममेटला वेगळी परवानगी देण्याची सोय नाही. एका सेशनवर नजर ठेवून ‘काही वेडंवाकडं दिसलं तर एस्केप दाबेन’ असं म्हणता येतं. चार सेशन्स एकाच वेळी पळत असताना असं म्हणण्याला अर्थ उरत नाही.

परवानगीच्या प्रश्नांचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. चार सेशन्स मिनिटामिनिटाला विचारू लागली की माणूस न वाचता होकार देत सुटतो, आणि ते फ्लॅग लावण्यापेक्षा फारसं वेगळं नाही. त्यावर उपाय म्हणजे नेमके नियम लिहिणं. टेस्ट चालवणारी आज्ञा, पिंट (कोडची मांडणी नीट करणारं साधन), गिट स्टेटस, बदल दाखवणारं गिट डिफ यांना कायमची परवानगी द्या. कंपोझर आणि एनपीएमचं (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणाऱ्या साधनाचं) इन्स्टॉल, मायग्रेट, गिट पुश, कर्ल (नेटवरून माहिती आणणारी-पाठवणारी आज्ञा) यांना दर वेळी विचारायला लावा. डॉट-ईएनव्ही, म्हणजे पासवर्ड आणि चाव्या ठेवलेली फाइल, वाचायला मनाई करा. नियम एकमेकांवर आले तर मनाई जिंकते, त्यामुळे मनाईची यादी बिनधास्त लांब ठेवा. फाइलमधले बदल आपोआप स्वीकारणारा मोडही आहे. वेगळ्या प्रतीत काम चालू असेल तर तो लावायला माझी हरकत नसते.

हे नियम लिहिताना एक चूक अनेकांकडून होते. वेळ वाचवायला ‘पीएचपी आर्टिझन’ने सुरू होणाऱ्या लॅराव्हेलच्या सगळ्याच आज्ञांना एका ताऱ्याने (* या खुणेने) परवानगी देऊन टाकतात. त्या ताऱ्यात टेस्ट येते, तशी ‘मायग्रेट फ्रेश’ही येते, जी डेटाबेसमधली सगळी टेबलं काढून नव्याने बांधते. सगळी टेबलं पुसणारी ‘डीबी वाइप’ येते. आणि ‘टिंकर’ येतं, ज्यातून कोणताही पीएचपी कोड चालवता येतो. म्हणजे नाव परवानगीच्या यादीचं, पण दार पूर्ण उघडं. आर्टिझनच्या ज्या आज्ञा लागतात त्या एकेक करून लिहा.

हे सगळं पुस्तकी भय वाटत असेल तर दोन घडलेल्या गोष्टी सांगतो. 26 ऑगस्ट 2025 ला एनपीएमवर ‘एनएक्स’ या लोकप्रिय बिल्ड साधनाच्या घातक आवृत्त्या चढवल्या गेल्या. पॅकेज इन्स्टॉल झाल्यावर चालणारी त्यातली स्क्रिप्ट मशीनवर क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉन क्यू यांपैकी टर्मिनलमधला सहायक आहे का ते शोधायची आणि असेल तर त्यालाच परवानग्या वगळणारे फ्लॅग लावून क्रिप्टोची पाकिटं नि गुप्त चाव्या शोधायला लावायची. सापडलेला माल त्या माणसाच्याच गिटहब खात्यावर सार्वजनिक रेपो बनवून टाकला गेला. इथे फ्लॅग हल्लेखोरानेच लावला होता, मालकाने नव्हे, हे लक्षात घ्या. सगळ्याची सुरुवात मात्र एका इन्स्टॉलने झाली. लॅराव्हेल प्रोजेक्टमध्येही व्हीट या फ्रंटएंडच्या बिल्ड साधनासाठी एनपीएम बहुधा असतंच. कुठलंही पॅकेज माझ्या होकाराशिवाय मशीनवर येऊ नये, हा नियम मी यासाठीच पाळतो.

दुसरी गोष्ट जेमिनी सीएलआयची. ते जून 2025 मध्ये आलं आणि काही दिवसांतच ट्रेसबिट या सुरक्षा कंपनीने त्यात एक भोक दाखवलं. एकदा ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला कायमची परवानगी दिली की त्याच ओळीत ग्रेपच्या मागे जोडलेली दुसरी आज्ञाही परवानगी असल्यासारखी चालून जायची, आणि मधे भरपूर मोकळी जागा सोडून ती स्क्रीनवर दिसणारही नाही अशी सोय करता यायची. ही आज्ञा घुसवणारा मजकूर रीडमी फाइलमध्ये लपवलेला होता. 0.1.14 या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. यातून मी घेतो ते एवढंच की परवानगी तपासणारा भाग हाही इतर कोडसारखाच नवा कोड आहे. त्याच्या मागे सँडबॉक्सची, म्हणजे साधनाला बंदिस्त जागेत ठेवणारी, दुसरी भिंत असावी. कोडेक्समध्ये कामाच्या फोल्डरपुरतं लिहू देणारा मोड लावला की नेटवर्क मुळात बंद असतं. क्लॉड कोडमध्ये सँडबॉक्सची वेगळी कमांड आहे. डॉट-ईएनव्ही वाचायला घातलेली मनाई साधनाच्या फाइल वाचण्याला लागते. टेस्टमधून चाललेली पीएचपीची स्क्रिप्ट तीच फाइल उघडू शकते. खुद्द लॅराव्हेलही ती सहसा उघडतंच.

सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि ब्लॉगर सायमन विलिसन यांनी जून 2025 मध्ये तीन गोष्टींच्या घातक मिलाफाबद्दल लिहिलं होतं: खासगी माहितीपर्यंत पोच, बाहेरून आलेला अविश्वसनीय मजकूर, आणि माहिती बाहेर पाठवायची वाट. एका सेशनमध्ये हे तिन्ही एकत्र येऊ न देणं तुलनेने सोपं आहे. टीममध्ये एक जण क्लायंटची तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) वाचतो, दुसऱ्याकडे डेटाबेस असतो, तिसरा वेबवर शोधतो, आणि तिघं एकमेकांना निरोप पाठवतात. वेगळे पाहिले तर तिघंही निरुपद्रवी. निरोपांच्या वाटेने मात्र तो मिलाफ जुळून येतो. म्हणून टीम वापरताना मी पूर्ण टीमचा हिशेब एकत्र करतो: या सगळ्यांना मिळून काय वाचता येतं आणि बाहेर काय पाठवता येतं?

मागे यायच्या वाटेबद्दल. क्लॉड कोडमध्ये दोनदा एस्केप दाबून आधीच्या टप्प्यावर परतता येतं. पण ही सोय त्याने स्वतःच्या फाइल-साधनांनी केलेले बदल परत आणते. टर्मिनलमधल्या आज्ञेने पुसलेली किंवा हलवलेली फाइल त्यात धरलेली नसते. त्यामुळे मी ती घाईतल्या दुरुस्तीपुरती वापरतो आणि खरा भरवसा गिटवर ठेवतो. सुरुवात स्वच्छ कमिटपासून (गिटमध्ये नोंदलेल्या टप्प्यापासून), आणि काम गिट वर्कट्रीमध्ये, म्हणजे त्याच रेपोच्या दुसऱ्या फोल्डरमधल्या वेगळ्या ब्रांचवर.

वर्कट्रीबद्दल दोन बारकावे. गिटने दुर्लक्षिलेल्या फाइल्स नव्या वर्कट्रीत येत नाहीत, त्यामुळे डॉट-ईएनव्ही आणि पॅकेजं असलेलं व्हेंडर फोल्डर तिथे नसतं. पुष्कळ जण लगेच मूळ डॉट-ईएनव्ही कॉपी करतात आणि इथेच सगळी मेहनत वाया जाते, कारण आता वेगळं फोल्डर जुन्याच डेटाबेसला जोडलं गेलं. तिथे नवी फाइल लिहा: वेगळ्या नावाचा फेकून देता येईल असा डेटाबेस, पेमेंट गेटवेच्या चाचणीच्या चाव्या, मेल फक्त लॉगमध्ये. दुसरा बारकावा, गिट स्टॅश, म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेल्या कामाचा साठा, सगळ्या वर्कट्रींचा एकच असतो. एका टीममेटने स्टॅश उघडला तर त्यातून तुमचं मुख्य फोल्डरमधलं अर्धवट काम बाहेर येऊ शकतं. स्टॅश वापरायचा नाही, कमिट करायचं, असं मी सूचनांच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो.

टेस्टचं तर वेगळं सांगायला हवं. लॅराव्हेलच्या टेस्टमध्ये बहुतेकदा ‘रिफ्रेश डेटाबेस’ वापरलेलं असतं, आणि ते जो डेटाबेस जोडलेला असेल त्याची टेबलं काढून नव्याने बांधतं. कोणता डेटाबेस, हे पीएचपी युनिट या टेस्टच्या साधनाच्या एक्सएमएल फाइलमधल्या दोन ओळी ठरवतात. बऱ्याच प्रोजेक्टांत त्या ओळी कमेंट केलेल्या असतात. मग टेस्ट सहसा डॉट-ईएनव्हीमधल्या डेटाबेसवर चालते. आता जर कोणी ‘जरा खऱ्या डेटावर पाहू’ म्हणून डॉट-ईएनव्ही क्लायंटच्या स्टेजिंगकडे (रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरकडे) वळवून ठेवली असेल, तर निव्वळ टेस्ट चालवण्याच्या निरुपद्रवी परवानगीने स्टेजिंगचा डेटा जातो. यात एजंटने कोणताही नियम मोडलेला नसतो. टीममेट कितीही असोत, या दोन ओळी उघडून पाहिल्याशिवाय मी कोणालाच टेस्टची परवानगी देत नाही. दोन टीममेट एकाच वेळी टेस्ट चालवणार असतील तर दोघांचे डेटाबेस वेगळे हवेत, नाहीतर एकाने बांधलेली टेबलं दुसरा काढतो आणि कारण नसलेल्या चुका शोधण्यात दोघांची टोकन्स (एआयच्या वापराचं माप) संपतात.

गिट डेटाबेस परत आणत नाही, आणि गिटच्या ‘क्लीन’ आज्ञेला एफ-डी-एक्स जोडलं तर दुर्लक्षिलेल्या फाइल्सही जातात, डॉट-ईएनव्हीसकट. त्या गिटमध्ये कधी नव्हत्याच, त्यामुळे त्या परत मिळत नाहीत. ही आज्ञा मनाईच्या यादीत टाका.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. क्लायंटशी झालेल्या करारात कोड बाहेरच्या सेवेकडे पाठवण्याबद्दल काय लिहिलंय? एक सेशन पाठवायला मान्यता असेल तर टीमने तत्त्वतः फरक पडत नाही, पण मान्यताच तोंडी असेल तर आधी ती ईमेलवर घ्या. टेस्ट किती आहेत? हिशेबाच्या भागाला टेस्ट नसतील तर टीमने लिहिलेला कोड तुम्हाला ओळ न ओळ वाचावा लागेल, आणि वाचणारे तुम्ही एकटेच असाल तर चार जणांनी लिहिण्याचा वेग कामाचा नाही. क्लॉडचा प्लॅन कोणता आहे? प्रत्येक टीममेट स्वतःचा संदर्भ घेऊन चालतो, त्यामुळे टोकन्सचा वापर त्या प्रमाणात वाढतो. रिलीजच्या आदल्या दिवशी प्लॅनची मर्यादा संपली तर काम अडकतं. आणि काम एकामागून एक होणारं असेल, म्हणजे आधी टेबल, मग मॉडेल, मग कंट्रोलर, तर टीमचा फायदा जवळपास नाही. एकच सेशन ते स्वस्तात आणि नीट करतं.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. तुम्ही स्वतः बारकाईने तपासून मर्ज केलेली एखादी जुनी पुल रिक्वेस्ट घ्या, जिच्यातल्या उणिवा तुम्हाला माहीत आहेत. तीन टीममेट उभे करायला सांगा: एक परवानग्या आणि इनपुटची तपासणी पाहील, एक अनावश्यक क्वेरी शोधेल, एक सुटलेल्या टेस्ट. कोणीही फाइल बदलायची नाही, हे सूचनेत लिहा आणि परवानग्यांमध्येही तसंच बंद ठेवा. मग तेच काम एका साध्या सेशनला द्या. दोन्हीकडे काय सापडलं, काय उगाच काढलं आणि किती वापर झाला, हे शेजारी ठेवून पाहा. उत्तर तुम्हाला आधीच माहीत असल्यामुळे नुसत्या वेगाने भुलायला होत नाही. यात टीमने खरंच काही जास्त दिलं, तर पुढची पायरी एखाद्या स्वतंत्र, लहान मॉड्यूलची. बिलिंगचा गाभा सर्वांत शेवटी.

इथवरचं थोडक्यात: फीचर कच्चं आहे म्हणून हात लावू नका, असं माझं म्हणणं नाही. कच्च्या फीचरला घट्ट परवानग्या, फेकून देता येईल असा डेटाबेस आणि उत्तर माहीत असलेलं काम द्या.

टीम म्हणून सेटिंग कुठे लिहिता यालाही महत्त्व आहे. हे फीचर ‘क्लॉड कोड एक्सपेरिमेंटल एजंट टीम्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 1 दिल्यावर चालू होतं. ते प्रोजेक्टच्या ‘सेटिंग्ज डॉट जेसन’मध्ये लिहिलंत तर ती फाइल गिटमधून सगळ्यांकडे जाते आणि ज्याने विचारही केलेला नाही त्याच्याकडेही फीचर चालू होतं. ते तुमच्या खासगी, ‘लोकल’ नावाच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवा. मनाईचे नियम मात्र नेमके उलट, सगळ्यांकडे जाणाऱ्या फाइलमध्ये. तुमच्या बिल्ड किंवा डिप्लॉयच्या स्क्रिप्ट या फीचरवर अवलंबून ठेवू नका, कारण व्हेरिएबलचं नाव बदललं तर चूक दाखवली जाणार नाही, फक्त फीचर गुपचूप बंद पडेल. आपोआप अपडेटसाठी ‘स्टेबल’ प्रवाह निवडता येतो, तो साधारण आठवडाभर मागे असतो. रिलीजच्या आठवड्यात मी अपडेट पूर्ण थांबवतो आणि वापरात असलेली आवृत्ती लिहून ठेवतो.

सहकाऱ्याशी बोलताना वाद फ्लॅगवरून सुरू करू नका. त्याच्याबरोबर बसून दोन गोष्टी पाहा: त्याची डॉट-ईएनव्ही आणि टेस्टची फाइल कोणत्या डेटाबेसकडे बोट दाखवतात, आणि त्या मशीनवर प्रॉडक्शनच्या कोणत्या चाव्या, एसएसएच की किंवा क्लाउडची लॉगिनं पडून आहेत. बहुतेक वेळा ही यादी पाहिल्यावर माणूस स्वतःच फ्लॅग काढतो. वरच्या परवानग्यांची यादी तयार करून त्याला द्या, म्हणजे वेगही फारसा जाणार नाही. त्या फ्लॅगशिवाय चालतच नाही असं काम निघालं, तर ते कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या बंदिस्त जागेत, करा, ज्यात नेटवर्क मर्यादित आहे आणि एकही खरी चावी नाही.

काम संपल्यावर आवराआवरही करा. आधी टीममेट बंद करायला सांगा, मग लीडकडूनच टीम मोडून घ्या. चालू टीममेट असताना ती मोडता येत नाही. टीमक्स वापरत असाल तर त्याच्या सेशन्सची यादी काढून मागे राहिलेलं सेशन बंद करा. वर्कट्री काढा, तिच्यासाठी बनवलेला डेटाबेस पुसा, आणि ब्रांच मर्ज करायच्या आधी पूर्ण डिफ तुम्ही स्वतः वाचा, विशेषतः टेस्टमध्ये बदललेले आकडे.